सत्त्याऐंशीवं प्रमेय

बिंदू चौकाच्या मागच्या बोळात, छापखान्याच्या माळ्यावर,
मगदूम सरांची भूमिती माझ्या पडद्यावर उघडी.
दोनशे बारा प्रमेयं,
आणि प्रत्येकाच्या पायाशी तेच वाक्य :
हेच सिद्ध करायचे होते.
सर म्हणाले, "अत्तार, कागद महागलाय.
वाक्याऐवजी एक काळा चौकोन टाका, बारका.
शहाण्याला पुरतो."

पहिल्यांदा मी अकरा ओळी लिहिल्या.
चार कोपरे, चारींचे पत्ते,
इथून तिथवर रेघ, मग वळ, परत वळ,
मग आत शाई भर.
गंगावेशीतून निघून गंगावेशीतच यायला
अख्ख्या गावाला वळसा.

मग खोडायला बसले.
कोपरे गेले.
रंग गेला, शाई मुळात काळीच की.
रेघेलाच सांगितलं : जाड हो,
तुझ्या लांबीएवढी होईपर्यंत जाड हो.
जाड झालेली रेघ म्हणजेच चौकोन
हे दहावीत मला कुणी सांगितलं नव्हतं.

पंधरा कळा.
एक तिरकी रेघ, चार अक्षरं,
महिरपी कंसांच्या दोन जोड्या,
दोन्हींत एकच माप.
चहावाल्या पोरालासुद्धा मोजून दाखवल्या.
तो म्हणाला, नाद खुळा,
आणि कप उचलून गेला.

आकाराम आण्णा आता खाली बायंडिंगला बसतात.
चाळीस वर्षं उभ्यानं जुळारी होते.
खिळे किलोवर विकले गेले त्या दिवशी
एक क्वाड त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकला,
अजून तिथंच आहे.
प्रूफ डोळ्याजवळ धरून म्हणाले,
"पोरी, तुझा चौकोन बसका हाय.
शिरोरेघेखाली उभा ऱ्हाईना.
कुठल्या अक्षराचं माप घेतलंस?"
इंग्रजी एक्सचं, मी म्हणाले.
"मग तसंच व्हणार. व चं पोट मोज."

व चं पोट मोजलं.
दीडाहून जरा जास्त भरलं.
एक टिंब, एक सहा, इकडे आणि तिकडे :
पंधराचे एकोणीस.
वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.
पण चौकोन ओळीत उभा राहिला
तालमीतल्या नव्या पोरासारखा, छाती काढून.

"आमी क्वाडच उचलायचो," आण्णा सांगत होते.
शब्दांमधली मोकळी जागा तेव्हा शिशाची असायची,
खिळ्यांपेक्षा बुटकी, म्हणून तिला शाई लागायची नाही.
खाली कागदाच्या दोन घड्या सारल्या
की वर यायची आणि काळी छापायची.
"मोकळं ठेवायला बी शिसं लागतंय, पोरी."
मी मान हलवली. लक्ष पडद्यावर होतं.

रात्री साडेदहाला सरांचा फोन.
"सत्त्याऐंशीवं.
तिसऱ्या पायरीत मी जे धरून चाललोय
तेच तर सिद्ध करायचं होतं.
एकोणतीस वर्षं फळ्यावर असंच शिकवलं."
मागे टीव्ही चालू होता, तो कुणीतरी बंद केला.
"तेवढा चौकोन काढा."
आणि प्रमेय?
"राहू दे. सुचलं तर लिहीन."

एकोणीस कळा मी पुसल्या नाहीत.
रुंदी तशीच ठेवली, उंची शून्य केली.
सतरा.
एवढं आखूड मला आधी जमलं नव्हतं.
पानावर काही दिसत नाही,
पण शेवटच्या शब्दापुढं ओळ
आणखी चौकोनभर चालते आणि मग थांबते.

सकाळी आण्णांना प्रूफ दिलं, काही बोलले नाही.
दोनशे अकरा चौकोन त्यांनी बोटानं ओलांडले,
सत्त्याऐंशीपाशी बोट थांबलं.
खिशातला क्वाड काढून तिथं ठेवला.
बसला.
मग उचलून, सदऱ्याला पुसून,
परत खिशात टाकला.